वास्तव सर्वांचे एकच की ज्याचे त्याचे वेगळे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तत्त्वज्ञानाचे प्राथमिक वर्ग घेताना, आणि वर्ग संपल्यावर येणाऱ्या पत्रांतूनही, हा एक विषय वेगवेगळ्या रूपांत सतत पुढे येतो. त्यांतले नेहमीचे प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फार खोलात न जाता सांगा: वास्तव एकच असते की प्रत्येकाचे वेगळे?

अनुभव प्रत्येकाचा वेगळा असतो आणि ते वेगळेपण खोटे नसते. पण ज्या जगाचा तो अनुभव असतो ते जग एकच आहे, असे आमचे मत आहे. हे मत सर्वमान्य नाही. त्याला अडचणीत आणणारी तीन ठिकाणे आहेत: वेदना (प्रश्न ८), क्वांटम भौतिकी (प्रश्न १४) आणि पैशासारख्या माणसांनी निर्माण केलेल्या गोष्टी (प्रश्न १५).

२. वास्तव, सत्य, अनुभव हे शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. त्याने काय बिघडते?

निम्मा वाद त्या सरमिसळीतूनच निघतो. 'वास्तव' हा शब्द 'वस्तू'वरून आला आहे, म्हणजे जे आहे ते, कोणाला कळो वा न कळो. 'सत्य' हे विधानाबद्दल किंवा ज्ञानाबद्दल बोलले जाते. अनुभव हा नेहमी कोणाचा तरी असतो. अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या प्रवेशग्रंथात यथार्थ अनुभवाची जी व्याख्या केली आहे, ती साध्या मराठीत अशी सांगता येईल: ज्या वस्तूत जो धर्म, म्हणजे गुणविशेष, खरोखर आहे, त्या वस्तूच्या ठिकाणी त्याच धर्माची प्रतीती होणे. वाळूतला शिंपला पाहून 'चांदी!' असे वाटले, तर वाटण्याची घटना खरोखर घडली, मात्र चांदी तेथे नव्हती. 'मला चांदी दिसली' हे विधान खरे आणि 'तेथे चांदी आहे' हे विधान खोटे, अशी दोन्ही उत्तरे एकाच वेळी देता येतात. 'माझे वास्तव वेगळे आहे' असे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा यांतले पहिले विधान करायचे असते, पण ऐकणाऱ्याला दुसरे ऐकू येते.

३. एकच मोरपंखी साडी मला निळी दिसते आणि बहिणीला हिरवी. आमच्यापैकी बरोबर कोण?

मॅचिंग सेंटरमध्ये जाणाऱ्या प्रत्येकीला याचे उत्तर अर्धे माहीत असते. काउंटरवर ब्लाउजपीस साडीला अगदी मिळून आलेला असतो, तरी जाणती बाई दोन्ही कापडे उचलून दुकानाच्या दाराशी जाते, उन्हाकडे धरते, पदराचे टोक आणि कापडाचा कोपरा शेजारी शेजारी ठेवते आणि मग मान हलवते. ट्यूबलाइटखाली एकरूप झालेले दोन तुकडे दिवसाच्या उजेडात वेगळे होतात. दोन कापडांतली रंगद्रव्ये वेगळी असतात आणि ती वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करतात. दुकानातल्या दिव्याखाली डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाचा डोळ्यावरील परिणाम योगायोगाने सारखा होतो, सूर्यप्रकाशात तो तसा राहत नाही.

आता तुमच्या भांडणाकडे येऊ. मोरपंखी हा रंगच निळा आणि हिरवा यांच्या सीमेवरचा आहे, आणि ही सीमा नेमकी कोठे ओढायची याबाबत माणसामाणसांत फरक असतो. डोळ्यातील शंकुपेशींचे, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींचे, प्रमाण, वयाबरोबर पिवळसर होत जाणारे नेत्रभिंग, आणि 'निळा' हा शब्द लहानपणी कोणकोणत्या वस्तूंना लावलेला ऐकला, या सर्वांचा त्यात वाटा असतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाचे छायाचित्र जगभर फिरले तेव्हा हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर दिसला. काहींना तो पोशाख पांढरा-सोनेरी दिसला, काहींना निळा-काळा, आणि एकाच घरात बसून एकच पडदा पाहणारी माणसे एकमेकांना वेड्यात काढू लागली. छायाचित्रातला उजेड कोणता हे चित्रातून स्पष्ट होत नव्हते. पोशाख सावलीत आहे असे ज्यांच्या मेंदूने नकळत धरले त्यांना तो पांढरा दिसला, ज्यांच्या मेंदूने पिवळसर दिवा धरला त्यांना निळा. प्रत्यक्षात कापड निळे-काळे होते.

कोणी काय पाहिले ते खरेच होते आणि कापडाचा रंगही ठरलेला होता. साडीच्या बाबतीत सीमा धूसर असल्याने दोघींपैकी कोणीही चूक नाही, पोशाखाच्या बाबतीत मात्र पांढरा म्हणणारे चुकले होते. दोन्ही उदाहरणे एकाच मापाने मोजली जातात, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

४. रंगांधळ्या माणसाचे जग तरी वेगळेच असते ना?

त्याचा अनुभव वेगळा असतो, आणि तो वेगळा आहे हे कळायला जग एक असावे लागते. अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांची हकिकत यासाठी वाचण्यासारखी आहे. १७९२ मध्ये जिरेनियमचे एक फूल त्यांना दिवसा आकाशी दिसले आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे. इतरांना ते दोन्ही वेळा गुलाबी-तांबड्याच्या आसपासचेच दिसत होते, आणि डाल्टन यांच्यासारखे दिसते असे सांगणारा त्यांचा भाऊ तेवढा निघाला. तोपर्यंत आपल्याला इतरांसारखेच दिसते अशी त्यांची समजूत होती. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी या विषयावर निबंध वाचला आणि अनुमान मांडले की आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, म्हणून तांबडा प्रकाश अडत असावा.

अनुमान खरे की खोटे हे मृत्यूनंतर डोळे तपासून पाहावे, अशी त्यांनी व्यवस्था केली. १८४४ मध्ये ते वारले, डोळा उघडला गेला, आणि आतला द्रव इतर कोणाच्याही डोळ्यातल्याप्रमाणे स्वच्छ, पारदर्शक निघाला. डोळ्याचे अवशेष मात्र जपून ठेवले गेले. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांतून काढलेल्या डीएनएच्या तपासणीत असे आढळले की मध्यम तरंगलांबीच्या, म्हणजे साधारणपणे हिरव्या भागातल्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंजकद्रव्य बनवणारे जनुकच त्यांच्याकडे नव्हते.

स्वतःच्या अनुभवाबद्दल डाल्टन यांचा शब्द अखेरचा होता, त्या अनुभवाच्या कारणाबद्दल नव्हता. 'मला आकाशी दिसते' हे कोणी खोडून काढू शकले नसते, पण 'माझ्या डोळ्यातले पाणी निळे आहे' हे एका शस्त्रक्रियेने खोडले गेले. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तांबडे-हिरवे ओळखण्यातला हा दोष सुमारे ८ टक्क्यांना असतो, स्त्रियांत तो फार कमी असतो, कारण संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. एवढा पद्धतशीर वारसा ज्याला आहे, त्याला 'ज्याचे त्याचे खासगी जग' म्हणणे कठीण आहे.

५. पण तुम्ही ज्याला लाल म्हणता ते माझ्या आतल्या आत हिरवे दिसत असेल, आणि शब्द मात्र दोघांचा 'लाल' असेल, तर?

हा जुना आणि अवघड प्रश्न आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी तो सतराव्या शतकातच उपस्थित केला होता. त्याचे पूर्ण उत्तर कोणाकडेही नाही, पण वाटतो तितका तो निरुत्तर करणारा नाही. रंगांची रचना चहूबाजूंनी सारखी नसते. गडद होत गेलेला निळा निळाच राहतो, पण गडद होत गेलेला पिवळा खाकी किंवा तपकिरी होतो. शुद्ध पिवळा शुद्ध निळ्यापेक्षा नेहमी फिका वाटतो. एखाद्याच्या आत पिवळा आणि निळा यांची अदलाबदल झाली असती, तर 'कोणता रंग कोणत्याच्या जवळचा', 'कोणता गडद' अशा साध्या प्रश्नांत तो कोठेतरी उघडा पडला असता.

शब्द जुळूनही अनुभव न जुळण्याचे खरे उदाहरण दुसरीकडे सापडते. डोळे मिटून सकाळचा चहाचा कप डोळ्यांसमोर आणा म्हटले, तर काहींना बशीवरचा तडादेखील दिसतो आणि काहींना काहीच दिसत नाही. 'डोळ्यांसमोर आणणे' हा केवळ वाक्प्रचार आहे, असे ही दुसरी मंडळी वर्षानुवर्षे समजत असतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० च्या सुमारास न्याहारीच्या टेबलाबद्दल नेमके असेच प्रश्न विचारून हा फरक टिपला होता. त्याला स्वतंत्र नाव मिळायला मात्र २०१५ साल उजाडावे लागले.

६. 'कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते' हे खरे आहे का?

म्हण म्हणून चालेल, वैद्यकीय विधान म्हणून नाही. काविळीत रुग्णाचे डोळे इतरांना पिवळे दिसतात; रुग्णाला स्वतःला जग पिवळे दिसणे फारच विरळा. दुसऱ्याच्या दृष्टीबद्दल न विचारताच ठरवून टाकण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

७. पंख्याखाली एकाला थंडी वाजते, दुसऱ्याला उकडते. मग 'गार' असे खरोखर काही असते का?

वाऱ्याचे हेच उदाहरण प्लेटोच्या एका संवादात प्रोटॅगोरस या ग्रीक विचारवंताच्या मताची चर्चा करताना येते: माणूस हेच सर्व गोष्टींचे माप असेल, तर ज्याला गार वाटते त्याच्यासाठी वारा गार आणि ज्याला वाटत नाही त्याच्यासाठी गार नाही. त्यावर करून पाहण्याजोगा एक प्रयोग लॉक यांच्या लेखनात आहे. तीन पातेली घ्यावीत: एकात सोसवेल इतके गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घालावेत. ज्या हाताने गरम पाणी सोडले त्याला मधले पाणी गार लागते, दुसऱ्याला तेच पाणी ऊन लागते.

येथे दोन माणसे नाहीत. एकाच माणसाच्या दोन हातांची 'वास्तवे' वेगळी झाली आहेत, आणि तरी कोणीही 'पातेल्यात दोन प्रकारचे पाणी आहे' असे म्हणत नाही, कारण त्वचा तापमान मोजत नाही, तिच्या सवयीच्या तापमानापासूनचा फरक मोजते. 'गार' हा पाणी आणि हात यांच्यामधला संबंध आहे, आणि संबंध हा वास्तवाचाच भाग असतो. पंख्याचा वाद मिटवायला याचा उपयोग होत नाही, हे मान्य.

८. दुखणे तर ज्याचे त्यालाच कळते. तपासण्या स्वच्छ आल्या की 'तुम्हांला काही झालेले नाही' असे ऐकवले जाते. मग माझी वेदना वास्तव नाही का?

ती पूर्णपणे वास्तव आहे. 'एकच वास्तव' म्हणजे 'यंत्रात दिसेल तेवढेच वास्तव' असा अर्थ करणारे लोक या प्रश्नाचे सर्वांत जास्त नुकसान करतात. कायद्याने याबाबत तत्त्वज्ञांपेक्षा अधिक समंजसपणा दाखवला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात 'तथ्य' या संज्ञेची व्याख्या दोन भागांची होती: इंद्रियांना कळू शकेल अशी कोणतीही वस्तू, स्थिती किंवा संबंध हे तथ्य, आणि ज्या मानसिक अवस्थेची एखाद्या व्यक्तीला जाणीव आहे तीही तथ्य. अमुक माणसाचे अमुक मत आहे, हेदेखील त्या कायद्याच्या दृष्टीने तथ्यच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण ही कल्पना कायम राहिली आहे.

वेदनेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात 'असणे' आणि 'वाटणे' यांच्यात फट नसते. हात गमावलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत कळ येते तेव्हा बोटे तेथे नाहीत, कळ मात्र आहे. अशी वेदना सांगणाऱ्या रुग्णाला तपासणीच्या कागदावरून खोटे पाडता येत नाही, आणि त्या कागदामुळे कळही थांबत नाही. म्हणून वेदनेच्या बाबतीत रुग्णाचा शब्द मोडणे चूक आहे. तिच्या कारणाबद्दलचा त्याचा अंदाज मात्र डाल्टनच्या अंदाजासारखाच चुकू शकतो (प्रश्न ४).

९. एकाच भांडणाच्या आमच्या दोघा भावांच्या हकिकती पूर्ण वेगळ्या आहेत, आणि दोघेही प्रामाणिक आहोत. हे कसे?

प्रामाणिकपणा आणि अचूकता यांची सांगड निसर्गाने घालून दिलेली नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांची चित्रफीत दाखवून वेगाचा अंदाज विचारला. 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा' असे जोरकस क्रियापद वापरले त्या गटाने सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितले, 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असे सौम्य क्रियापद ऐकलेल्यांनी सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर 'फुटलेल्या काचा पाहिल्या का' असे विचारले, तेव्हा जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला. चित्रफितीत काचा फुटलेल्याच नव्हत्या.

आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, आणि तुमच्या भांडणाची हकिकत तुम्ही दोघांनी गेल्या अनेक वर्षांत आपापल्या माणसांना आपापल्या क्रियापदांनी सांगितली आहे. भांडण एकदाच झाले, आणि त्या दिवशी काय बोलले गेले ते ठरलेले आहे, जरी आता ते कोणालाही पूर्ण सांगता येणार नसले तरी.

१०. शंकराचार्यांनी तर जगच मिथ्या म्हटले आहे. मग 'एक वास्तव जग' कोठून आले?

या प्रश्नावर येणारी पत्रे सर्वांत लांब असतात, आणि बहुतेकांत 'मिथ्या' म्हणजे 'मनाचा खेळ' असे धरलेले असते. अद्वैताच्या परिभाषेत सत्तेच्या तीन पातळ्या मानतात. अंधारात दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक: तो ज्याला दिसला त्यालाच दिसला, दिवा आणताच नाहीसा झाला. दोरी, घर, बाजार, ऋतू हे व्यावहारिक: सर्वांना समान, आणि ब्रह्मज्ञान होईपर्यंत अबाधित. ब्रह्म तेवढे पारमार्थिक. 'ज्याचे त्याचे वास्तव' या पहिल्या पातळीवरच्या गोष्टीला आचार्यांनी सर्वांत खालचे स्थान दिले आहे, हे त्यांचा आधार घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

याहून स्पष्ट पुरावा ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील 'नाभाव उपलब्धेः' या सूत्रावरील भाष्यात आहे. बाहेर वस्तू नाहीत, केवळ विज्ञान, म्हणजे जाणीव, आहे, असे म्हणणाऱ्या बौद्ध विज्ञानवाद्यांना आचार्य तेथे विचारतात की खांब किंवा भिंत पाहणारा कोणी 'मी माझी उपलब्धी (म्हणजे माझे पाहणेच) पाहतो' असे म्हणतो काय? जेवता जेवता, पोट भरल्याचे समाधान अनुभवत असताना, 'मी जेवत नाही आणि माझे पोटही भरत नाही' असे म्हणणाऱ्या माणसाची उपमा ते देतात. आणि लगेच पुढच्या सूत्रात जागृती स्वप्नासारखी का नाही ते सांगितले आहे: स्वप्न बाधित होते, म्हणजे जाग येताच खोटे ठरते, खांब बाधित होत नाही.

अपवाद सांगितलाच पाहिजे. उत्तरकालीन अद्वैतात दृष्टिसृष्टिवाद नावाचे मत आहे, त्यानुसार पाहणे हीच सृष्टी. सोळाव्या शतकातील प्रकाशानंदांनी ते मांडले. पण त्याच्या जोडीला ते एकजीववाद मानतात. पाहणारा मुळात एकच असेल तर 'प्रत्येकाचे वेगळे' या शब्दांतला 'प्रत्येक'च उरत नाही. ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त तर अज्ञान या कल्पनेचेच सविस्तर खंडन केले आहे, आणि जगाला भ्रम न म्हणता चैतन्याचा विलास म्हणण्याची परंपरा मराठीत तेथून रुजली.

११. जैनांचा अनेकांतवाद म्हणजे 'सर्वांचेच बरोबर' असे म्हणणे नव्हे का?

नव्हे. या मतात प्रत्येक विधानाला जोडल्या जाणाऱ्या 'स्यात्' या शब्दाचा अर्थ येथे 'कदाचित' असा नाही, 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. एकच माणूस मुलाच्या अपेक्षेने बाप आणि बापाच्या अपेक्षेने मुलगा असतो. यात शंकाही नाही आणि मतभेदही नाही, आणि मुलाच्याच अपेक्षेने तो मुलगा आहे असे म्हटले तर ते सरळ चूक ठरते. वस्तू अनंतधर्मी आहे, म्हणून कोणतेही एक विधान तिला पुरे पडत नाही, असा हा विचार वस्तूच्या भरगच्चपणाबद्दल आहे. ती पाहणाऱ्यागणिक बदलते, असे तो म्हणत नाही.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट यासाठी नेहमी सांगितली जाते. तिचे एक जुने रूप पाली 'उदान' ग्रंथात आहे: डोके चाचपणारा म्हणतो हत्ती घागरीसारखा, कान चाचपणारा म्हणतो सुपासारखा, सुळा धरणारा म्हणतो नांगराच्या फाळासारखा, आणि अखेर ते एकमेकांना गुद्दे मारू लागतात. गोष्ट सांगताना आपण एक तपशील गाळतो. समोर राजा उभा आहे आणि त्याला हत्ती दिसतो आहे. हत्तीच नसता तर ती गोष्ट झाली नसती.

१२. 'सत्यअसत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' असे तुकोबांनीच म्हटले आहे. म्हणजे सत्य मनावर ठरते ना?

ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदार घटना घडवत नाही, घडलेली सांगतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष खोटीही ठरू शकते. तुकोबांनी मनाला निवाड्यासाठी बोलावले ते बहुमताच्या दडपणाविरुद्ध. 'मला वाटते तेच खरे' असे म्हणायचे असते तर साक्षीदाराची गरजच नव्हती.

बहुमत का पुरेसे नाही, हे महाराष्ट्राने २१ सप्टेंबर १९९५ रोजी पाहिले. त्या दिवशी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली, देवळांपुढे रांगा लागल्या, आणि चमच्यातले दूध कमी होताना हजारोंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दूध कमी होत होते हे खरेच होते. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्याच्या काठावरचे दूध मूर्तीच्या पृष्ठभागाला लागून ओढले जात होते आणि पातळ थराने खाली उतरत होते. दुधात रंग मिसळून पाहिल्यावर त्याचे ओघळ स्पष्ट दिसले. सर्वांचा अनुभव एक होता, अर्थ मात्र चुकला होता. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसणे हा तर जवळजवळ सगळ्या मानवजातीचा एकमताचा अनुभव आहे, आणि छायाचित्रात मोजला तर तो माथ्यावरच्या चंद्राएवढाच भरतो.

१३. आइनस्टाइन यांनी सर्व काही सापेक्ष असल्याचे सिद्ध केले ना?

त्यांनी काही गोष्टी सापेक्ष ठरवल्या आणि काही कायम ठेवल्या. दोन दूरच्या घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते, असे १९०५ च्या सिद्धान्ताने दाखवले. पण तेथे 'निरीक्षक' म्हणजे कोणाचे मन नव्हे. त्या जागी घड्याळ ठेवले तरी तेच उत्तर मिळते, आणि एका निरीक्षकाच्या मोजमापांवरून दुसऱ्याची मोजमापे गणिताने अचूक काढता येतात. प्रकाशाचा वेग, घटनांमधले अवकाश-काल अंतर आणि कारण-कार्याचा क्रम सर्वांसाठी समान राहतात. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ती दुरुस्ती केलेली असते म्हणूनच तुमचा रिक्षावाला योग्य गल्लीत वळतो.

घरगुती उदाहरण हवे असेल तर मुंबईचे घ्या. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकवली. आजही नागपुरात सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो, घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात. घड्याळाचे आकडे माणसांनी ठरवले, सूर्याचे माथ्यावर येणे ठिकाणागणिक वेगळे आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच पृथ्वी एकाच दिशेने फिरते आहे.

१४. क्वांटम भौतिकीत मात्र पाहणारा वास्तव घडवतो, असे सगळीकडे वाचायला मिळते.

'पाहणे' या शब्दाने येथे मोठा घोळ केला आहे. प्रयोगातले निरीक्षण म्हणजे कणाची अशी आंतरक्रिया की तिची नोंद कोठेतरी उमटते. शोधकयंत्र रिकाम्या खोलीत चालू ठेवले आणि आकडे महिनाभराने पाहिले, तरी निकाल बदलत नाही. इच्छाशक्तीने किंवा सकारात्मक विचाराने मोजमाप वळते, असे कोणत्याही क्वांटम प्रयोगातून निघत नाही, आणि तसे सांगून शिबिरे भरवणाऱ्यांबद्दल आम्हांला फारसा आदर नाही.

तरी हा प्रश्न संपलेला नाही. १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी एक विचारप्रयोग मांडला: बंद प्रयोगशाळेतल्या मित्राच्या दृष्टीने मोजमाप पूर्ण झालेले आहे, बाहेरच्या विग्नर यांच्या दृष्टीने ते अजून अनिर्णित आहे. २०१९ मध्ये सहा फोटॉन वापरून त्याच्या एका विस्तारित रूपाची चाचणी झाली आणि 'वस्तुनिष्ठ वास्तव नाही' असे मथळे झळकले. त्या प्रयोगात 'मित्रा'चे काम फोटॉनने केले होते, माणसाने नव्हे. कार्लो रोव्हेल्ली यांच्यासारखे काही भौतिकशास्त्रज्ञ गुणधर्म नेहमी दुसऱ्या प्रणालीच्या संदर्भातच असतात असे गंभीरपणे मांडतात. पण ते दगड-दगडांमधल्या संबंधालाही तितकेच लागू आहे, त्यामुळे 'माणसागणिक वास्तव' त्यातून मिळत नाही.

१५. पैसा, देशांच्या सीमा, जात: हे तर लोकांनी मानले म्हणून आहे. मग तेही 'एकच वास्तव' का?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटांच्या कागदात, शाईत किंवा सुरक्षाधाग्यात काहीही बदल झाला नाही, आणि तरी त्या व्यवहारातून बाद झाल्या. येथे वास्तव माणसांच्या मान्यतेवर उभे आहे हे उघड आहे. पण ते कोणाच्याही एकट्याच्या मान्यतेवर उभे नाही. कपाटात जुनी नोट जपणाऱ्याने ती चालते असे कितीही मानले तरी वाण्याकडे ती चालत नाही. जातीचेही तसेच: 'मी जात मानत नाही' असे एखाद्याने मनापासून म्हटले तरी घर भाड्याने मागायला गेलेल्या दुसऱ्याला आडनाव विचारले जायचे ते जातेच. सामूहिक मान्यतेतून घडलेले वास्तव एका व्यक्तीसाठी डोंगराइतकेच टणक असते. ते बदलता येते, हा त्याचा डोंगरापेक्षा वेगळा गुण, पण एकट्याने वेगळे मानून ते बदलत नाही.

१६. 'प्रत्येकाचे सत्य वेगळे' हे मत स्वतःच स्वतःला खोडते, असे म्हणतात. ते कसे?

हे विधान सर्वांसाठी खरे असेल, तर निदान एक सत्य सर्वांसाठी समान निघाले. ते केवळ बोलणाऱ्यापुरते खरे असेल, तर ऐकणाऱ्याने ते मानण्याचे कारण उरत नाही. हा युक्तिवाद प्लेटोइतका जुना आहे. तो बरोबर असला तरी त्याने कोणाचे मत बदललेले आम्ही पाहिलेले नाही, कारण असे म्हणणाऱ्याला सहसा सिद्धान्त मांडायचा नसतो, 'माझे ऐकून घ्या' एवढेच म्हणायचे असते. तेव्हा प्रश्न २ आणि ८ मधली उत्तरे अधिक उपयोगी पडतात.

१७. सगळी माणसे नाहीशी झाली तर वास्तव उरेल का?

१४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुथ येथे आइनस्टाइन आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्यात याच मुद्द्यावर बोलणे झाले. माणसे नसतील तर सुंदर मूर्ती सुंदर उरणार नाही, हे आइनस्टाइन यांनी मान्य केले. सत्याबद्दल मात्र ते मान्य करायला तयार नव्हते. रवींद्रनाथांच्या मते मानवी मनाशी संबंध नसलेले सत्य आपल्यासाठी नसल्यासारखेच. शेवटी आइनस्टाइन गमतीने म्हणाले की मग तुमच्यापेक्षा मीच अधिक धार्मिक ठरतो. रवींद्रनाथ विश्वमानवाच्या मनाबद्दल बोलत होते, ज्याच्या त्याच्या मनाबद्दल नव्हे. वास्तव माणसावर अवलंबून आहे असे म्हणणे आणि ते माणसागणिक वेगळे आहे असे म्हणणे, ही दोन स्वतंत्र मते आहेत, आणि पहिल्यासाठी दिलेली कारणे दुसऱ्याला पुरत नाहीत.

रंगाचे काय होईल, हे सौंदर्य आणि सत्य यांच्या मधले प्रकरण आहे. मोराच्या पिसात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य मुळात नसतेच. पिसाच्या सूक्ष्म तंतूंमध्ये तपकिरी-काळ्या मेलॅनिनच्या कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात, आणि त्या अंतरावर कोणती तरंगलांबी परत फिरेल ते ठरते. माणसे गेल्यावर ती रचना राहील, तिच्यावरून परतणारा प्रकाशही राहील. आपण ज्याला मोरपंखी म्हणतो तो रंग मात्र तीन प्रकारच्या शंकुपेशी असलेल्या डोळ्यांचा आहे. लांडोरीच्या डोळ्यात चार प्रकार असतात, आणि ते पीस पाहायला ती तेथे असेलच.